अजून न घडलेल्या गुरूची परीक्षा

हात असलेल्या खुर्चीत आजींना बसवायचं. समोर तीन मीटरवर जमिनीला चिकटपट्टी लावायची आणि सांगायचं, ‘उठा, नेहमीच्या चालीनं त्या पट्टीपर्यंत जा, वळा, परत या आणि बसा.’ आपण फक्त वेळ मोजायची. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर आजी पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी करा, असं अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था सांगते. माँट्रियलच्या डायान पॉडसिआड्लो आणि सँड्रा रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये ही चाचणी मांडली. नाव ‘टाइम्ड अप अँड गो’. रक्त काढायला नको, यंत्र लावायला नको. पायांतलं बळ, तोल, वळताना उडणारी धांदल, सांगितलेलं लक्षात राहतं की नाही, एवढं सगळं त्या काही सेकंदांत दिसतं. फक्त बघणाऱ्याला बघता यायला हवं.

बघता येणं आपोआप येत नाही. अननुभवी विद्यार्थी घड्याळाकडे बघत बसतो आणि आजींनी उठताना खुर्चीचे हात किती घट्ट धरले ते त्याच्या नजरेतून सुटतं. त्याच्या खांद्याशी कोणीतरी उभं राहून ‘आता पावलं बघ, वळताना किती पडली मोज’ असं म्हणावं लागतं. वृद्धांच्या वैद्यकीत, म्हणजे जेरियाट्रिक्समध्ये, असं खांद्याशी उभं राहणारी माणसं फार थोडी आहेत. ती तयार व्हावीत म्हणून अमेरिकेत सरकार तरुण अध्यापकांना अनुदान देतं. आजींना जोखायला बारा सेकंद पुरतात हे कळलं. पण चार वर्षांनी कोण उत्तम शिक्षक झालेला असेल, हे आज कागदावरून कसं जोखायचं? त्यासाठी चक्क गुण दिले जातात. त्या गुणांमागची रचना बघत गेलं की थक्क व्हायला होतं, आणि मधूनमधून हसूही येतं.

आधी पैसा कशाला लागतो ते बघू. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉक्टरचा पगार बऱ्याच अंशी त्यानं तपासलेल्या रुग्णांच्या बिलांतून निघतो. आता समोर ऐंशी ओलांडलेले गृहस्थ बसलेत. चौदा गोळ्या चालू, त्या तीन तज्ज्ञांनी एकमेकांना न विचारता लिहून दिलेल्या. ऐकू कमी येतं. सोबत मुलगी आहे आणि तिची तक्रार वडिलांच्या तक्रारीशी जुळत नाही. या भेटीला तास लागतो. तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीत सांध्यांत इंजेक्शनं देणारा सहकारी कितीतरी जास्त बिल करून मोकळा होतो. त्यात आपल्या डॉक्टरच्या मागे दोन विद्यार्थी असले की तासाचा दीड तास होतो, आणि त्या वाढीव अर्ध्या तासाचं बिल कोणाच्याच नावे फाडता येत नाही. इंटर्नल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिन पुरं करून वर जेरियाट्रिक्सची आणखी एका वर्षाची फेलोशिप केलेल्या डॉक्टरची कमाई पुष्कळदा फेलोशिप न केलेल्या मित्रापेक्षा कमी भरते. वर्षभर जास्त शिका आणि आयुष्यभर कमी मिळवा, असा हा अजब सौदा आहे. तो करणाऱ्याला वर शिकवण्याचीही हौस असेल, तर त्याच्याकडे सगळ्यात दुर्मीळ गोष्ट असते ती वेळ.

तेव्हा अनुदान विकत घेतं ते वेळ. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या ७५३ व्या कलमात ‘जेरियाट्रिक अकॅडेमिक करिअर अवॉर्ड’ ही सोय घातली. ती राबवते आरोग्य खात्यातली ‘हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही शाखा. तिथली मंडळी तिला नुसतं ‘हर्सा’ म्हणतात. सुरुवातीला फक्त डॉक्टरांना मिळणारं हे अनुदान २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्यानं परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माते, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते अशा सगळ्यांच्या अध्यापकांना खुलं केलं. रक्कम वर्षाला किमान ७५ हजार डॉलर, वर महागाईप्रमाणे वाढ. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. मध्यंतरी, २०१५ च्या सुमारास, ही योजना एका मोठ्या योजनेच्या पोटात गेली आणि स्वतंत्र अनुदान बंद पडलं. २०१९ मध्ये ते परत आलं. त्या फेरीत देशभरातून २६ जण निवडले गेले. तेहतीस कोटींच्या आसपास लोकसंख्या, आणि निवडलेली माणसं एका मिनीबसमध्ये मावतील एवढी! म्हणूनच निवड कशी होते याला इतकं महत्त्व.

कायद्याची भाषा इथे वाचण्यासारखी आहे. अर्ज करायचा तो संस्थेनं, पण एका नाव घेतलेल्या माणसासाठी. ती व्यक्ती कनिष्ठ अध्यापक हवी, म्हणजे नोकरीत अजून कायम न झालेली. जेरियाट्रिक्सचं प्रशिक्षण झालेलं हवं. अनुदानातून जेवढा वेळ विकत घेतला जातो त्याचा पाऊण भाग, ७५ टक्के, शिकवण्यात आणि आंतरव्यावसायिक शिक्षणाचं कौशल्य कमावण्यातच जाईल, असं संस्थेनं लेखी द्यायचं. आंतरव्यावसायिक हा शब्द जड वाटतो, पण त्यामागचं चित्र साधं आहे: डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माता आणि समाजकार्यकर्ती एकाच म्हाताऱ्या माणसाभोवती बसून एकमेकांकडून शिकताहेत. नुसतं डॉक्टरांना शिकवणारा डॉक्टर इथे कमी पडतो.

अर्ज आला की तो बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीकडे जातो. परीक्षक वेगवेगळ्या महाविद्यालयांतून, वेगवेगळ्या व्यवसायांतून येतात. अर्जदाराच्या संस्थेशी ज्याचं नातं आहे त्यानं त्या अर्जापासून लांब राहायचं. आणि एक नियम मला फार आवडला: परीक्षकानं फक्त अर्जात लिहिलेलं वाचायचं. अर्जदार बाई परिषदेत किती छान बोलल्या होत्या हे तुम्हाला आठवतंय? ते विसरायचं. त्यांच्या विभागप्रमुखांचं मोठं नाव आहे? अर्जात त्याचा उपयोग कसा होणार ते लिहिलं नसेल तर ते नाव शून्य. इंटरनेटवर शोधून भर घालायची नाही. इथे फक्त कागद बोलतो.

त्या कागदाला एकूण १०० गुण, आणि ते सहा खात्यांत विभागलेले. गरज काय आहे, त्या गरजेला तुमचं उत्तर काय, यश मोजणार कसं, परिणाम किती दूर जाईल, तुमच्याकडे आणि संस्थेकडे कुवत आहे का, आणि मागितलेला पैसा कामाशी जुळतो का. शेवटचं खातं सोपं. पहिलंही सोपं वाटतं, आणि तिथेच बरेच जण घसरतात. ‘अमेरिका म्हातारी होत चालली आहे, २०३० पर्यंत बेबी बूम पिढीतला प्रत्येक जण ६५ च्या पुढे गेलेला असेल’ हे वाक्य किती अर्जांत असेल याची कल्पनाच केलेली बरी. ते खरं आहे, पण परीक्षकाला ते पाठ आहे. त्याला हवी असते तुमच्या जिल्ह्याची, तुमच्या रुग्णालयाची, तुमच्या वर्गाची गरज: आमच्या चार ग्रामीण काउंटींत एकही जेरियाट्रिशियन नाही, आमचे फॅमिली मेडिसिनचे निवासी डॉक्टर नर्सिंग होममध्ये पाऊलही न टाकता बाहेर पडतात, असं काहीतरी. देशाच्या आकड्यापेक्षा गावाचा आकडा जास्त गुण मिळवतो, आणि तसंच व्हायला हवं.

दुसऱ्या खात्यात, म्हणजे उत्तरात, दोन गोष्टी एकत्र विणाव्या लागतात. एक, या माणसाचा स्वतःचा विकास: पहिल्या वर्षी अभ्यासक्रम कसा आखायचा हे शिकणार, दुसऱ्या वर्षी नेतृत्वाचं प्रशिक्षण घेणार वगैरे. दुसरी, तो इतरांना काय शिकवणार. हर्साच्या वृद्धसेवेच्या योजनांत अलीकडे ‘एज-फ्रेंडली’ आरोग्यसेवेची चार सूत्रं हटकून येतात: त्या माणसाला स्वतःला महत्त्वाचं काय वाटतं, औषधं, मनाची आणि बुद्धीची अवस्था, आणि हिंडणं-फिरणं. जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन आणि इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट यांनी पुढे आणलेली ही चौकट आहे. चांगल्या अर्जात ती चार सूत्रं मंत्रासारखी म्हटलेली नसतात. ‘माझे औषधनिर्माते आणि नर्सेस मिळून प्रत्येक नव्या रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करतील’ असं तिथे लिहिलेलं असतं.

खरी मौज तिसऱ्या खात्यात आहे. यश मोजणार कसं?

समजा, अर्जदारानं लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना वृद्धांच्या पडण्याविषयी जाणीव करून दिली जाईल.’ परीक्षक पेन्सिल उचलतो. किती विद्यार्थी? कुठल्या वर्षाचे? जाणीव झाली हे कळणार कशावरून? मग दुसरा खर्डा येतो: ‘तिसऱ्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी रोटेशनच्या चार आठवड्यांत दहा वृद्धांची टाइम्ड अप अँड गो चाचणी स्वतः घेईल, त्यांतल्या दोन वेळी प्रशिक्षित निरीक्षक ठरलेल्या यादीनुसार त्याचं काम पाहून टिपेल.’ आता काहीतरी हाताला लागलं. पण एवढ्यावर भागत नाही. विस्कॉन्सिनच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची चार पायऱ्यांची एक मांडणी केली. मूळ संदर्भ उद्योगधंद्यांतल्या प्रशिक्षणाचा, पण आज वैद्यकीय शिक्षणवाले तिच्यावाचून पाऊल टाकत नाहीत. पहिली पायरी, शिकणाऱ्याला तास आवडला का. दुसरी, तो काही शिकला का. तिसरी, नंतर त्याचं वागणं बदललं का. चौथी, त्यामुळे प्रत्यक्षात काही फरक पडला का.

पहिली पायरी सगळेच चढतात. तासानंतर फॉर्म वाटला, ‘फार छान!’ असे शेरे आले, संपलं. शिकवण्याच्या कामात याहून स्वस्त पुरावा नाही. दुसरीसाठी आधी-नंतर परीक्षा घ्यावी लागते. तिसरीला चांगले चांगले अडखळतात, कारण विद्यार्थी तोवर दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो. सहा महिन्यांनी त्याच्या नोंदी उघडून बघायला लागतात की, बाबा रे, ७८ वर्षांच्या रुग्णाच्या कागदात चालण्याविषयी एक ओळ तरी लिहिलीस का? आणि चौथी पायरी म्हणजे आजी पडायच्या थांबल्या का. इथे अनुभवी परीक्षकाच्या भुवया वर जातात. रुग्णालयात पडण्याच्या घटना कमी होण्यामागे नवी पादत्राणं असतील, रात्रीचे दिवे असतील, झोपेच्या गोळ्या बंद केलेल्या असतील. श्रेय एकट्या शिक्षकाला कसं देणार? चार वर्षांत मी पडण्याचं प्रमाण निम्म्यावर आणीन असं छातीठोक लिहिणाऱ्यापेक्षा, तिसऱ्या पायरीपर्यंत नीट मोजीन आणि चौथीवर नजर ठेवीन असं म्हणणारा अर्जदार मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

हे सगळं मुळात शक्य कसं झालं, याचाही एक छोटा इतिहास आहे. विद्यापीठांत फार काळ विद्वत्ता म्हणजे शोधनिबंध, असाच हिशेब होता. शिकवणारा चांगला असेल तर तो लोकप्रिय, आणि लोकप्रियतेला बढतीत किंमत नाही. १९९० मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांनी ‘स्कॉलरशिप रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक काढून म्हटलं की शोध लावणं हा विद्वत्तेचा एक प्रकार झाला. ज्ञान जोडणं, ते वापरात आणणं आणि शिकवणं हेही तिचे प्रकार आहेत. साहजिकच लगेच विचारलं गेलं, ठीक, मग शिकवण्यातली विद्वत्ता तपासायची कशी? १९९७ मध्ये चार्ल्स ग्लॅसिक, मेरी टेलर ह्यूबर आणि जीन मेरॉफ यांनी सहा निकष दिले: उद्दिष्ट स्पष्ट आहे का, तयारी पुरेशी आहे का, पद्धत योग्य आहे का, निष्पत्ती लक्षणीय आहे का, ती नीट मांडली आहे का, आणि स्वतःच्या कामाकडे टीकेच्या नजरेनं पाहिलं आहे का. तेव्हापासून वैद्यकीय अध्यापकांच्या अर्जांत आणि बढतीच्या फायलींत हे सहा प्रश्न कधी उघडपणे, कधी आडून डोकावतात.

शेजारी एक दुसरी वाट आहे आणि तिथले गुण वेगळ्या गणितानं पडतात. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच. तिथली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग १९७४ च्या कायद्यानं जन्माला आली. पहिले संचालक रॉबर्ट बटलर, ज्यांनी पुढे १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयातला पहिला स्वतंत्र जेरियाट्रिक्स विभाग उभा केला. एनआयएचच्या करिअर अनुदानांची नावं ‘के’ या अक्षरानं सुरू होतात. त्यांतलं वृद्धारोग्यातलं मानाचं अनुदान पॉल बीसन या नामवंत फिजिशियनच्या नावानं दिलं जातं. हे मुख्यतः संशोधकांसाठी, पण त्यांतले कितीतरी जण पुढे विभागप्रमुख होतात आणि शिक्षणाची दिशा ठरवतात, म्हणून त्यांचं परीक्षणही इथे बघायलाच हवं.

इथे पाच खाती: उमेदवार, त्याच्या विकासाचा आराखडा, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक, आणि संस्थेचं वातावरण व बांधिलकी. साध्या संशोधन-अनुदानात प्रकल्प हा नायक असतो. इथे यादी सुरू होते ती माणसापासून. गुण १ ते ९, आणि त्यात १ म्हणजे सर्वोत्तम! मराठी शाळेत वाढलेल्या कुणालाही हे उलटं गणित पचायला वेळ लागेल. २००९ पासून ही पद्धत आहे. प्रत्येक अर्ज साधारण तीन परीक्षक बारकाईनं वाचून आधीच प्राथमिक गुण देऊन ठेवतात. जे अर्ज खालच्या निम्म्यात पडतात त्यांची बहुधा चर्चाच होत नाही. वरच्यांवर समिती बसते. ज्याचा हितसंबंध आहे तो उठून बाहेर जातो. तिघं आपापले गुण सांगतात, बाकीचे ऐकतात, प्रश्न विचारतात, वाद होतो. मग तिघांनी पुन्हा गुण सांगायचे आणि सगळ्यांनी गुप्तपणे आपले गुण द्यायचे. त्या तिघांच्या टप्प्याबाहेर जाऊन कोणाला गुण द्यायचे असतील, तर त्यानं ते तिथेच सांगायचं. सरासरीला दहानं गुणलं की १० ते ९० मधला एक आकडा येतो. त्यानंतर सल्लागार परिषदेची दुसरी चाळणी.

या वाटेवर दोन बारकावे फार चतुर आहेत. पहिला, शिफारसपत्रं. उमेदवाराला ओळखणाऱ्या तीन ते पाच जणांनी ती थेट एनआयएचला पाठवायची. उमेदवाराला ती दिसत नाहीत. मार्गदर्शकाचं पाठिंब्याचं पत्र अर्जातच जोडलेलं असतं, ते उमेदवार वाचतो, म्हणजे त्यात गोड बोलणं आलंच. बाहेरच्यांच्या त्या बंद पत्रांत मात्र एखादा लिहून जातो, ‘हुशार आहे, पण एकटं काम पुरं करायला अजून शिकायचंय.’ परीक्षक या एका वाक्याची वाट बघत असतात. दुसरा बारकावा संस्थेच्या पत्राचा. तिनं लिहून द्यायचं की या माणसाची नेमणूक अनुदान मिळण्यावर अवलंबून नाही. पैसा आला तर ठेवू, नाहीतर नारळ देऊ, असं चालणार नाही. शिवाय त्याच्या वेळेचा पाऊण भाग मोकळा ठेवायचा. आता परीक्षक ओळींमधलं वाचतो: ‘आम्हाला यांचा अभिमान आहे’ एवढंच पत्रात असेल तर ते पोकळ, ‘आठवड्यातली त्यांची ओपीडी दोन सत्रांवर आणली आहे, त्याचा भार अमुक विभाग उचलेल’ असं असेल तर तिथे खरोखर कुणीतरी खिशात हात घातला आहे.

मार्गदर्शकाचं खातं मला सगळ्यांत जिवंत वाटतं. परीक्षक विचारतो, यांच्या हाताखाली याआधी कोण कोण तयार झालं आणि आज ते कुठे आहेत? गाण्याच्या घराण्यात गुरूची थोरवी शिष्यांवरून ठरावी तसंच हे. आणि लगेच उलटा प्रश्न: शिष्य गुरूच्या सावलीतून बाहेर पडणार कधी? उमेदवाराचा प्रकल्प मार्गदर्शकाच्याच कामाचा तुकडा दिसला तर गुण कमी. फार प्रसिद्ध मार्गदर्शक असला तर तो महिन्यातून किती वेळा भेटणार हे विचारलं जातं, कारण मोठ्या माणसाकडे नाव भरपूर आणि वेळ थोडा असतो. शहाणे अर्जदार म्हणून एक ज्येष्ठ आणि एक जवळच्या वयाचा, एक डॉक्टर आणि एक शिक्षणतज्ज्ञ अशी मोट बांधतात, आणि कोण कधी काय शिकवणार याचं वेळापत्रकच जोडतात.

इथे आपल्याकडच्या वाचकांशी नातं असलेली एक अट सांगायला हवी. अमेरिकेत जेरियाट्रिक्सच्या फेलोशिपच्या जागा भरणाऱ्यांत परदेशातून एमबीबीएस झालेल्यांचा वाटा मोठा असतो. स्थानिक पदवीधर ज्या सौद्याकडे पाठ फिरवतात तो ही मंडळी पत्करतात. त्यांत भारतीय कितीतरी. पण एनआयएचची बहुतेक ‘के’ अनुदानं मिळायला नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य लागतं. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे ठाणे-पुण्यातल्या घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे उमेदवार, आराखडा, मार्गदर्शक, सगळं पहिल्या नंबरचं असूनही गुण देण्याची पाळीच येत नाही. ही अट हाकलण्यासाठी केलेली नसेल, पण ज्या विषयात माणसं मिळत नाहीत त्यात ती मला तरी अविचारी वाटते.

इतक्या बारकाईनं गुण दिले तर निवड अचूक होत असेल ना? विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या एलिझाबेथ पायर आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी एनआयएचसारख्या समित्या बसवल्या, ४३ परीक्षकांना २५ खरे अर्ज दिले, आणि एकाच अर्जाला वेगवेगळे परीक्षक काय म्हणतात ते पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: एकमत जवळजवळ नाहीच. एकाला जे बलस्थान वाटलं ते दुसऱ्याला दिसलंही नाही, आणि दोघांनी सारखाच दोष लिहिला तरी गुण वेगळे दिले. त्यांच्याच आधीच्या कामात आणखी एक गोष्ट दिसली होती. समितीत चर्चा झाली की त्या समितीतले लोक एकमेकांच्या जवळ येतात, पण दोन समित्यांमधलं अंतर वाढतं. एका खोलीत सगळ्यांना पटलेली गोष्ट शेजारच्या खोलीत पटेलच असं नाही. एक लक्षात ठेवायला हवं: ते अर्ज आधीच चांगल्या दर्जाचे होते. वाईट आणि चांगलं यांतला फरक परीक्षकांना कळत नाही असा याचा अर्थ नव्हे. चांगलं आणि फार चांगलं यांत निवडताना मात्र माणसाची नजर डळमळते.

यावर काही देशांनी धीट उपाय काढला. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलनं २०१३ पासून आपल्या एका छोट्या अनुदानासाठी, पात्र ठरलेल्या अर्जांमध्ये सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशननंही २०२१ पासून, अगदी बरोबरीचे अर्ज उरले तर सोडत काढण्याची मुभा घेतली. अमेरिकेतल्या या अनुदानांना हे मानवेल असं वाटत नाही. करिअरच्या अनुदानात तर माणसाचं नावच पणाला लागलेलं असतं. ‘तुझी चिठ्ठी निघाली नाही’ हे ऐकणं सोपं, की ‘तुझी चर्चाच झाली नाही’ हे, कोण जाणे.

नाकारलेल्या अर्जदाराच्या हातात निदान एक कागद पडतो: बलस्थानं आणि त्रुटी, खातेवार लिहिलेल्या. एनआयएचमध्ये तो कागद घेऊन ३७ महिन्यांच्या आत सुधारलेला अर्ज एकदा पुन्हा टाकता येतो, आणि कितीतरी जण दुसऱ्या खेपेलाच पार होतात. हर्साच्या वाटेवर मात्र फेऱ्या रोज निघत नाहीत. २०१९ नंतरची फेरी आली ती २०२३ मध्ये. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेल्या अध्यापकानं त्या चार वर्षांत त्रुटी भरून काढल्या, वर्ग घेतले, नोंदी ठेवल्या, नर्सेस आणि औषधनिर्मात्यांना एका टेबलाशी आणलं, आणि त्या कामावर महाविद्यालयानं त्याला बढती देऊन कायम केलं, तर कनिष्ठ अध्यापकाच्या व्याख्येतून तो बाहेर पडतो. मग अर्ज करायचा तो त्याच्या हाताखालच्या कोणासाठी तरी, आणि त्या अर्जात मार्गदर्शक म्हणून त्याचं नाव येतं.